काचेची काठी

माझे बालपण कोकणातल्या खाडीकाठी गेले. तिथे ‘गरवायला’ जायचे म्हणजे गरीला कोळंबी लावायची, वर शिशाचा गोळा बांधायचा आणि दोर भिरकावून द्यायचा. गोळा पुढे जातो, दोर निमूटपणे त्याच्या मागून. पुढे नोकरीच्या निमित्ताने कुल्लू जिल्ह्यात राहणे झाले आणि तीर्थन नदीच्या काठी हा न्याय नेमका उलटा झालेला पाहिला. तिथल्या ट्राउट माशासाठी पिसे व धागा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी वापरतात. तिला वजन असे नाहीच. वजन असते दोराला. तो जाड, निमुळता दोर हवेत उलगडत जातो आणि माशी त्याच्या मागून जाते. दोराला ही गती देते ती काठी.

या काठ्या पूर्वी चीनमधील टोंकिन बांबूच्या सहा चिरफळ्या जोडून करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फायबरग्लासच्या, म्हणजे काचतंतूंच्या काठ्या निघाल्या. १९५० साली अमेरिकेने चिनी मालाची आयात बंद केली, तेव्हा बांबू मिळेनासा होऊन काचेचे राज्य सुरू झाले. १९७० नंतर हलके, ताठ ग्राफाइट आले आणि काच मागे पडली. पण तीर्थनच्या वरच्या अंगाला पात्र अरुंद आहे, फेक पंचवीस-तीस फुटांपलीकडे जात नाही. एवढ्या थोड्या दोराच्या भाराने ग्राफाइट पुरते वाकतच नाही. काच मुठीपर्यंत वाकते. म्हणून मी काचेची काठी स्वतःच बांधायची ठरवली.

सात फुटांची पोकळ नळी मागवली. प्रथम तिचा कणा शोधावा लागतो. बुडखा जमिनीवर टेकवून, शेंडा तळहातावर तोलून मध्ये दाब दिला की नळी आपोआप फिरून एका अंगावर स्थिरावते. त्या अंगाला धरून कड्या बसवायच्या. बुचाच्या चकत्या चिकटवून, घासून मूठ केली. कड्यांचे पाय कानशीने निमुळते केले, कारण एरवी धागा त्यांवर नीट चढत नाही. फेऱ्याला फेरा भिडला पाहिजे. अखेर धाग्यावर राळेचा लेप द्यायचा आणि तो आळेपर्यंत काठी फिरवीत बसायचे. मी बसलो होतोच. इतक्यात कार्यालयातून दूरध्वनी आला. परतलो तो तिसऱ्या कडीखाली लेप ओघळून गाठ धरली होती.

नदीवरही तेच. दोर मागे फेकल्यावर तो सरळ होईपर्यंत थांबावे लागते. काच सावकाश वाकते, म्हणून अंमळ अधिकच. आलेल्या टपालावर त्याच दिवशी शेरा मारणाऱ्या माणसाला तो अर्धा क्षण फार मोठा वाटतो. चाबकासारखा आवाज होई आणि माशी तुटून जाई. एका सकाळी अशा चार माश्या गमावल्या. काठावर बसलेल्या एका वृद्ध स्थानिक गृहस्थांनी सांगितले, ‘डोळे मिटून फेका.’ मिटले. दोर मागे सरळ झाल्याची हलकीशी ओढ प्रथमच मुठीत जाणवली.

त्या दिवशी वीतभर लांबीचा, लाल ठिपक्यांचा एक ट्राउट लागला. काठी मुठीपर्यंत वाकली. त्याचे हिसके तिनेच सोसले, बारीक तंतू तुटला नाही. हात ओले करून त्याला पाण्यात सोडले. तिसऱ्या कडीखालची गाठ खरवडून टाकावी, असे माझा मुलगा म्हणतो. अजून तरी ती तशीच आहे.