नावातील ओंजळ



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी पटावरील प्रत्येक नाव स्पष्ट उच्चारीत. त्यांत दगडू, धोंडू, उकंडा असत. आधीची मुले दगावली की पुढच्यास दृष्ट लागू नये, म्हणून रोजचे शब्द भीतीपोटी नावे होत. चोखोबांची पत्नी सोयरा, बहीण निर्मळा; हेही रोजचेच शब्द, पण जिव्हाळ्याचे.

म्हणून नातीसाठी मी 'ओंजळ' हे नाव सुचविले. दाखल्यावर ते 'ओंजल' झाले. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली सौसरसह पांढुर्णा जिल्हा झाला. तरी घरातील मराठी आपणच राखावयाची आहे.

मुलगा म्हणाला, "बाबा, एका अक्षराने काय बिघडते?"

मी म्हटले, "'ओंजल' हा शब्दच नव्हे, त्यात पाणी कसे राहील?"

दाखला आम्ही दुरुस्त करून आणला. आपणही पहाट, सावली, ओंजळ अशी नावे अवश्य ठेवावीत. आणि शाळेच्या पटावर ती नीट उतरली की नाही, हे पहिल्याच दिवशी स्वतः पाहावे.