पहिले मूल आणि पहिली तारीख

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. मुलगा झाला होता. वय सव्वीस, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षे झालेली. आम्ही पेढे खाल्ले, बाळाचे वजन विचारले, नाक आईवर गेले की बापावर याचीही चर्चा झाली. निघताना तो चपला पायांत सरकवीत उंबऱ्याशी घुटमळला आणि खाली पाहतच म्हणाला, "सर, पाच हजार रुपये मिळतील का? पहिल्या तारखेला देतो."

पेढ्यांचा पुडा अर्ध्या किलोचा होता. आनंद वाटायला अर्धा किलो, आणि घर चालवायला पाच हजार उसने! हसू नका. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच घडून गेले असेल. आज बोलायचं आहे ते उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या या तरुण बापाविषयी.

आईपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, गायिले गेले, आणि ते योग्यच झाले. बापाची आठवण मात्र दोनदाच होते: पेढे मागताना आणि बिल भरताना. प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या बाकावर तो बसलेला असतो. आतून परिचारिका एक चिठ्ठी देते, तो औषधांच्या दुकानाकडे धावतो. परत येतो तो दुसरी चिठ्ठी तयार. त्या धावपळीत खिशातल्या नोटा मोजणारा माणूस आपल्या मुलाचे तोंड पाहायला आतुर आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या स्वतःच्याही येत नाही.

समर्थ रामदासांच्या मात्र हे ध्यानात आले होते. दासबोधाचा तिसरा दशक काढून पाहा. लग्न झाले, पोरेबाळे झाली, घरात दारिद्र्य शिरले आणि कर्ता पुरुष कुटुंब मागे ठेवून परदेशी कमाईला निघाला, असा सारा प्रपंच तिथे मांडला आहे. गंमत अशी, की हे लिहिणारा माणूस स्वतः लग्नाच्या बोहल्यावरून 'सावधान' ऐकून निघून गेला, अशी कथा सांगतात. त्यांचा निष्कर्ष वैराग्याचा; तो तुम्हा-आम्हाला झेपणारा नाही. पण रोगाचे वर्णन तंतोतंत आहे.

आता या ओढाताणीचे मूळ कशात आहे? 'ज्याने चोच दिली तो चारा देईल' असे आपली वडीलधारी माणसे म्हणत, आणि खरे सांगायचे तर चाऱ्याचा खर्च पहिल्या वर्षी मोठा नसतोच. आईचे दूध विकत आणावे लागत नाही. लशी सरकारी दवाखान्यात फुकट टोचतात. सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, अगदी शस्त्रक्रिया करावी लागली तरी, 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत केली तर तिलाही पैसे पडत नाहीत. म्हणजे मूल महाग नाही. महाग आहे ती मूल येण्याची वेळ.

मी अर्थशास्त्र शिकवतो. फळ्यावर रेघा काढून मुलांना सांगतो, की माणसाची मिळकत हळूहळू चढत जाते आणि चाळिशी-पन्नाशीत ती भरीला येते. पण गरजा काही त्या रेघेची वाट पाहत नाहीत. पंचविशी-तिशीत पगार सर्वांत तुटपुंजा, आणि नेमके त्याच वेळी घराची अनामत, भांडीकुंडी, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते, गावी आई-वडिलांना पाठवायचे पैसे, हे सगळे एकदम दारात येऊन उभे राहते. त्यातच दोघे कमावती असली, तर बाळंतपणात एक पगार बंद होतो किंवा रोडावतो. खर्च वाढला त्याच महिन्यात जमा निम्मी झाली! याला आळस किंवा उधळेपणा कारण नाही, हे आधी लक्षात घ्या. तरुणांना ऊठसूट 'अंथरूण पाहून पाय पसरा' असे सांगणाऱ्यांनी अंथरूण किती आखूड आहे तेही एकदा पाहावे.

पूर्वी या वेळेवर आपल्या समाजाने एक तोड काढली होती. पहिले बाळंतपण माहेरी. आपण तिला निव्वळ मायेची रीत समजतो, पण तिच्यात अर्थशास्त्रही होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, न्हाऊ घालणारी बाई आणि रात्री उठणारी आजी, हा सारा भार नवख्या जावयावरून उचलून मुरलेल्या संसारावर टाकलेला असे. त्यात सगळे गोड होते असे नाही; मुलीच्या बापाने या पायी कर्ज काढल्याची उदाहरणे थोडी नसतील. पण भार वाटला जाई. आज मुलगी नोकरी करते, माहेर दूर, आई स्वतः नोकरीत किंवा आजारी. बाळंतीण राहते पिंपरीच्या नाहीतर डोंबिवलीच्या दोन खोल्यांत. जुनी रीत सुटली, आणि तिची जागा घेईल असे नवे काही आपण उभे केले नाही.

कायद्याने काही केले आहे. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची झाली. पण ती दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांपुरती. बापाचे काय? केंद्र सरकारच्या नोकरांना पितृत्वाची 15 दिवसांची रजा 1997 पासून मिळते. खासगी नोकरीतल्या तरुणाला तसा सर्वसाधारण कायदा नाही, मालकाची मर्जी. पंधरा दिवसांत काय होते, असे विचाराल. पंधरा दिवसांत माणूस दुपटे बदलायला शिकतो, हे काय थोडे झाले?

माझ्या त्या विद्यार्थ्याकडे वळू. पाच हजार मी दिले, पण त्याला खाली बसवले आणि हिशेब विचारला. त्याने मोटारसायकल घेतली होती. एक लाखाचे कर्ज, दोन वर्षे मुदत, व्याज 'फक्त दहा टक्के', महिना पाच हजारांचा हप्ता. मी कागद घेतला. एक लाखावर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचे वीस हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. भागिले चोवीस, पाच हजार. हिशेब बिनचूक. लबाडी त्याच्या पोटात आहे. बारा हप्ते भरल्यावर निम्मे मुद्दल फिटलेले असते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर चालू राहते! उतरत्या शिलकीवर खरोखर दहा टक्के आकारले असते तर हप्ता सुमारे 4,615 रुपये आला असता आणि एकूण व्याज वीस हजार नव्हे, सुमारे पावणेअकरा हजार झाले असते. त्याच्या 'दहा' टक्क्यांचा खरा दर वर्षाला सुमारे अठरा टक्के पडतो. एम.ए. झालेला मुलगा, माझ्याच वर्गात बसलेला. मला माझीच लाज वाटली. 1 ऑक्टोबर 2024 पासून, कर्जाचा खरा वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक बँकांनी व वित्तसंस्थांनी द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सही करण्यापूर्वी ते मागा, आणि हप्ता किती एवढेच न विचारता दर कोणत्या पद्धतीचा, तेही विचारा. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर याहून वाईट. महिना तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटते, पण चक्रवाढीने चोवीस महिन्यांत रक्कम दुप्पट होते.

हिशेब झाल्यावर मी विचारले, "हे घरी ठाऊक आहे?"

तो गप्प. मग म्हणाला, "ती बाळंतीण आहे सर. तिला कशाला काळजी?"

हे वाक्य मी ओळखले, कारण ते माझेच होते. 2008 साली आमची मुलगी झाली तेव्हा मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासाप्रमाणे मानधन, आणि तेही पाच-पाच महिने हाती येत नसे. बारशाला माणसे बोलावून बसलो होतो. चार माणसांत कमीपणा नको म्हणून हॉल घेतला, जेवण सांगितले. पैसे नव्हते. बायकोच्या पाटल्या 'पॉलिशला देतो' म्हणून नेल्या आणि बँकेत तारण ठेवल्या. बारशाच्या दिवशी ती धाकट्या जावेच्या पाटल्या घालून पाळण्याशी बसली. "सोनाराने उशीर केला हो," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच सांगत होती, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो.

पुढे दीड महिन्याने शर्ट धुताना खिशात तारणाची पावती सापडली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पाटल्या माझ्या होत्या, गहाण मीच ठेवल्या असत्या. पण मला तिथे खोटं बोलायला का लावलंत?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. पाटल्या वर्षाने सुटल्या. त्या वर्षी सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी शिकवण्या अशी मी धावपळ केली. मुलगी प्रथम बसली कधी, रांगली कधी, हे मला सांगून कळले. हॉलमध्ये कोण कोण जेवून गेले, ते आज मला आठवत नाही.

बारसे घरातच, चार बायका बोलावून, घुगऱ्या वाटून झाले असते तर मुलीच्या नावात काही उणे पडले नसते. पण ते तिला विचारले असते तर कळले असते. मी विचारलेच नाही. कमावता मी, म्हणून काळजीही माझ्या एकट्याची, असा एक ताठा त्या वयात असतो. त्याला आपण जबाबदारी म्हणतो.

म्हणून त्या मुलाला मी एक वही दिली. उपदेश केला नाही. पाच हजार घेणाऱ्याला उपदेशही ऐकावा लागावा, हा अन्याय आहे. एवढेच सांगितले, की डाव्या बाजूला येणारे पैसे तू लिही, उजव्या बाजूला जाणारे तिला लिहू दे, आणि कर्ज कुठले कुठले आहे ते दोघांनी मिळून शेवटच्या पानावर लिहा.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मोटारसायकलच्या हप्त्याचे तिला आधीच ठाऊक होते. थकल्याचा निरोप तिने त्याच्या फोनवर वाचला होता, आणि तोच कधी बोलतो याची वाट पाहत होती. शिवाय भिशीचे नऊ हजार तिने बाजूला ठेवले होते, ते याला ठाऊक नव्हते. वहीतली उजवी बाजू तिने लिहायला घेतली, तेव्हा पहिल्याच पानावर 'पेढे' अशी नोंद निघाली. त्यावरून दोघांचे थोडे भांडणही झाले म्हणे.

पाच हजारांपैकी दोन हजार त्याने गेल्या महिन्यात आणून दिले, बाळालाही बरोबर आणले होते. उरलेल्या तीन हजारांची मला घाई नाही, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.