बॅटरी उलटी जोडली गेली तर...

(पिंगळी, जि. परभणी येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पीकशास्त्राच्या माणसाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु पेरणीची वेळ हा माझाच विषय आहे आणि ती वेळ हुकण्यात कधी कधी बॅटरीचाही हात असतो. 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, ही शिफारस आपण सर्वजण जाणता. तेवढा पाऊस झाला की आपल्या भारी काळ्या जमिनीत वापसा येतो, पण तो फार दिवस टिकत नाही. सोयाबीन तर 15 जुलैच्या आत पेरून झाले पाहिजे. नेमक्या अशा सकाळी किल्ली फिरवावी तर सेल्फचा नुसता 'कट' असा आवाज येतो. नांगरटीनंतर ट्रॅक्टर उन्हात उभा राहिलेला असतो, बॅटरीतले पाणी आटलेले असते आणि बॅटरी उतरलेली असते. मग शेजाऱ्याची बॅटरी आणली जाते किंवा दुकानातून चार्ज केलेली बॅटरी अंधारातच बसवली जाते. या घाईत प्लसची तार मायनसला आणि मायनसची प्लसला लागते.

ही चूक अनाडीपणाने होते असे समजू नका. नवी बॅटरी घेताना तिची टोके जुन्या बॅटरीच्या उलट बाजूंना असतील, तर तारा पोचतात त्या नेमक्या चुकीच्या टोकापर्यंतच. दोन्ही तारा तेलाने आणि धुळीने काळ्या झालेल्या असतात. टोकांवरची खूण मातीखाली गेलेली असते. म्हणून रंगावर विसंबू नका, तार कुठे जाते ते पाहा. जी तार सेल्फकडे जाते ती प्लसची आणि जी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बोल्टने बसवली आहे ती मायनसची. आजच्या सर्व ट्रॅक्टरांना हेच लागू आहे. मात्र फर्ग्युसन टी.ई.-20 सारख्या जुन्या विलायती, डायनमोच्या ट्रॅक्टरांना सांगाड्याकडे प्लस टोक असे. असा जुना ट्रॅक्टर कोणी सांभाळून ठेवला असेल तर त्याचे पुस्तक पाहिल्याशिवाय हात लावू नये.

आणखी एक खूण बॅटरीवरच असते. प्लसचे टोक मायनसच्या टोकापेक्षा थोडे जाड असते. क्लॅम्प एका टोकावर सैल पडतो आणि दुसऱ्यावर हातोडीने ठोकल्याशिवाय बसत नाही, असे झाले की ठोकू नका, थांबा. पुष्कळ ठिकाणी सैल क्लॅम्पखाली पत्र्याची पट्टी घालून काम भागवलेले असते, त्यामुळे ही खूणच नाहीशी होते. ती पट्टी काढून टाका.

ट्रॅक्टर चालू झाला, म्हणजे जोडणी बरोबर?

फसगत होते ती इथे. बॅटरी उलटी लागली तर ट्रॅक्टर चालूच होणार नाही, असे आपण धरून चालतो. पण जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही गुंडाळ्यांतून एकच वीज वाहते. बॅटरी उलटी केली की दोन्हींची चुंबके एकदमच उलटतात आणि सेल्फ पूर्वीच्याच दिशेने फिरतो. काचेच्या बल्बला प्लस-मायनस कळत नाही. साधा हॉर्नही वाजतो. डिझेल इंजिनाला एकदा फिरवून दिले की जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरला पुढे विजेची गरज नसते. म्हणजे सेल्फ फिरतो, दिवे लागतात, इंजिन चालते आणि शेतकरी निश्चिंतपणे पेरणीला लागतो.

इकडे अल्टरनेटर मात्र गेलेला असतो. अल्टरनेटरमध्ये सहसा सहा मोठे डायोड असतात. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, पाण्याच्या पंपाच्या फुटव्हॉल्व्हसारखी. बॅटरी सरळ असते तेव्हा या झडपा बॅटरीकडून उलट येणारी वीज अडवतात. बॅटरी उलटी लागली की सहाही झडपा एकदम उघडतात आणि बॅटरीची वीज सरळ त्यांतून धो धो वाहते. किल्ली बंद असली तरी हे घडते, कारण अल्टरनेटरची मोठी तार किल्लीतून न जाता थेट बॅटरीला जोडलेली असते. एखाद-दोन सेकंदांत फ्यूज उडतो, फ्यूज नसेल तर डायोड जळतात, आणि तेही लगेच तुटले नाहीत तर तार लाल होते. ही तार डिझेलच्या नळीजवळून गेली असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

पुढची गोष्ट अनेकांच्या परिचयाची असेल. चार-सहा दिवसांनी बॅटरी उतरते. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली. नवी आणली जाते, तीही आठवड्यात उतरते. वास्तविक बॅटरी चांगली असते, तिला भरणाराच मेलेला असतो. हजारो रुपयांची बॅटरी घेण्यापूर्वी पाच मिनिटांची तपासणी करावी, इतकेच माझे सांगणे आहे.

चूक लक्षात आल्यावर

किल्ली बंद करा आणि सांगाड्याला जोडलेली तार आधी काढा. तार तापलेली असेल तर कोरडे कापड आणि पक्कड वापरा. धूर येत असेल तर पाणी ओतू नका, कोरडी माती टाका. जवळ विडी-काडी नको, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने स्फोट पावतो. आम्ल डोळ्यांत उडाले तर किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धूत राहावे आणि तडक दवाखाना गाठावा.

बॅटरी फुगली नसेल, चिरली नसेल, तर थोड्या वेळाच्या उलट्या जोडणीने ती सहसा बिघडत नाही. मल्टिमीटर असेल तर तिची टोके तपासा. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, अर्धी भरलेली 12.2 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्यावी. मीटरची लाल तार प्लसला लावूनही आकडा उणे आला, तर बॅटरी चार्जरवरच उलटी भरली गेली आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या बाबतीत असे घडू शकते. ती बसवू नका, दुकानात परत न्या.

नंतर सेल्फपासून अल्टरनेटरपर्यंत मोठ्या तारेवरून बोट फिरवत जा. कुठे प्लॅस्टिक वितळलेले, चिकट लागले तर तेवढी तार त्याच जाडीची नवी घालावी. फ्यूज एकेक काढून पाहावेत आणि उडालेल्याच्या जागी त्याच अँपिअरचा नवा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याचे तार-केस गुंडाळण्याची जी पद्धत आहे ती बंद झाली पाहिजे. तसे केले की फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

यापुढचे काम 21 वॅटच्या साध्या इंडिकेटर बल्बने होते. होल्डरला दोन हात-हातभर तारा जोडून तो ट्रॅक्टरच्या पेटीत कायमचा ठेवा. बॅटरीची प्लसची तार नीट बसवा. मायनसची तार मात्र लगेच बसवू नका. बॅटरीचे मायनस टोक आणि ती मोकळी तार यांच्यामध्ये हा बल्ब धरा. किल्ली, दिवे सर्व बंद हवेत. बल्ब लागला नाही तर वाट मोकळी आहे, तार बसवा. बल्ब लख्ख पेटला तर एकतर बॅटरी उलटी आहे, नाहीतर डायोड किंवा वायरिंग एकमेकांत चिकटले आहे. बल्बमधून दोन अँपिअरपेक्षा जास्त वीज जात नाही, त्यामुळे चूक असली तरी नुकसान होत नाही. आणलेली बॅटरी प्रत्येक वेळी अशीच तपासून बसवली तर मुळात चूकच होणार नाही. ज्यांच्या ट्रॅक्टरवर अँपिअर-मीटर आहे त्यांनी इंजिन बंद ठेवून हेडलाईट लावून पाहावा. काटा उणे बाजूला गेला पाहिजे, अधिक बाजूला गेला तर बॅटरी उलटी आहे.

टोके बरोबर असूनही बल्ब पेटत असेल, तर बॅटरी सोडवून अल्टरनेटरची मोठी तार काढा, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा आणि पुन्हा पाहा. बल्ब विझला तर डायोड गेले. आता परभणीहून मिस्त्री येईपर्यंत पेरणी थांबवायची का? यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरला थांबण्याचे कारण नाही. ती मोठी तार आणि अल्टरनेटरच्या बारीक ताराही सोडवून, नीट झाकून बांधून ठेवा. बॅटरी बाहेरून चार्ज करा आणि दिवसा पेरणी करा. सेल्फ एका वेळी तीनशेच्या आसपास अँपिअर ओढतो खरा, पण तीन-चार सेकंदच. हिशेब केला तर ते एका अँपिअर-अवरचा तिसरा भाग होते. 75-80 अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी पेरणीचे दिवस सहज काढते. हेडलाईट मात्र लावू नका, दोन दिवे तासाला सात-आठ अँपिअर-अवर खातात. त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी ट्रॅक्टर घरी आला पाहिजे. मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर नेणे म्हणजे कुणाचा तरी जीव घेणे आहे. आणि अल्टरनेटर फिरतो तो पट्टा काढून टाकू नका. बहुतेक ट्रॅक्टरांत त्याच पट्ट्यावर पंखा आणि पाण्याचा पंप चालतो.

बल्ब विझलेलाच राहिला तरी डायोड शाबूत आहेत असे होत नाही, ते जळून तुटलेलेही असू शकतात. म्हणून इंजिन निम्म्या वेगावर ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजावेत. 13.8 ते 14.4 आले तर सर्व ठीक. इंजिन बंद असताना होते तेवढेच राहिले तर चार्जिंग नाही. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर, ज्याला आपण कटआऊट म्हणतो, तो गेला; बॅटरी उकळेल. काही कारागीर चालू इंजिनावर बॅटरीची तार उचलून ठिणगी पाहतात. आपल्या ट्रॅक्टरवर हे करू देऊ नका, त्याने चांगला डायोडही जातो.

नव्या गाड्यांविषयी

50 अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, पिकअपसारख्या गाड्यांना ते 1 एप्रिल 2020 पासूनच आले. या यंत्रांत डिझेलचा फवारा संगणक ठरवतो. यांची बॅटरी उलटी लागली तर वर सांगितलेली पेरणी उरकण्याची युक्ती करू नये. बॅटरी सोडवून कंपनीचा कारागीर बोलवावा. अशा यंत्रावर वेल्डिंग करायचे तरी आधी बॅटरी सोडवावी. एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि मोबाईल चार्ज करण्याचे सॉकेट हे जुन्या ट्रॅक्टरवर नंतर बसवलेले असले तरी उलट्या जोडणीने जाऊ शकतात, तेही तपासून घ्यावेत.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून जंपर लावताना प्लसला प्लस आधी जोडावे. काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती बॅटरीच्या वायूजवळ पडू नये यासाठी हे आहे.

अल्टरनेटर दुरुस्तीला नेल्यावर पूर्ण नवा घ्यायची घाई करू नका. बहुतेक वेळा डायोडची प्लेट बदलून काम होते, फार तर त्याबरोबर रेग्युलेटर. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर प्रत्येक डायोड एका बाजूने साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो आणि उलट बाजूने काहीच दाखवत नाही. ही तपासणी आपल्यासमोर करून दाखवायला सांगा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.