मुलाखतीचा रुमाल आणि आपली मुले
(नागपूर येथे शेतकरी व कारागीर पालकांपुढे केलेले भाषण)



ओलिताची पाळी आणि मागावरचे काम बाजूला ठेवून आपण येथे आलात, तेव्हा आम्ही मुद्द्यालाच हात घालतो. आपल्या मुलामुलींच्या वरच्या शिक्षणाच्या वाटेवर परीक्षेपलीकडे आणखी एक नाके आहे. त्याचे नाव मुलाखत. त्या नाक्यावर पुष्कळदा त्याच कॉलेजातून पूर्वी शिकून गेलेला गृहस्थ बसतो. तो काय विचारतो, कशाचे गुण देतो, हे ज्या घरात आजवर कोणी पदवीधर झाला नाही त्या घराला कोण सांगणार?

प्रथम भीती घालवू. हे नाके सगळीकडे नाही. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे सरकारी प्रवेश मुख्यतः सीईटीच्या गुणांवर आणि डॉक्टरकीचे नीटच्या गुणांवर होतात. तेथे मुलाचा चेहरा कोणी पाहत नाही. पण 2015 साली नागपुरास सुरू झालेले आणि आता मिहानात असलेले आयआयएम घ्या. तेथे कॅट परीक्षेनंतर निवडलेल्या उमेदवारांची मुलाखत होते. हैदराबादची आयएसबी तर मुलाखतीच्या कामी आपले माजी विद्यार्थीही बसवते. अमेरिकेतील हार्वर्डसारखी विद्यापीठे अर्जदाराच्या गावाजवळच्या माजी विद्यार्थ्यास कळवतात. तो भेट घेतो, हल्ली पडद्यावरही घेतो, आणि आपले मत लिहून कॉलेजास पाठवतो. ते मत अर्जदाराच्या हाती पडत नाही.

आपल्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करीत, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. बैल आपला, घाम आपला, आणि भाव मात्र रुमालाखाली! म्हणूनच बाजार समित्यांत उघड लिलावाची रीत आणावी लागली. लेखी परीक्षा ही उघड बोली आहे, मुलाखत हा रुमाल आहे. रुमालाखाली दर वेळी लबाडीच होते असे आम्ही म्हणत नाही. झाली तर ती दिसत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे कोरडे बोलणे नव्हे. श्रीनगरचे रिजनल इंजिनिअरिंग कॉलेज हे आपल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजाचे एकाच सरकारी योजनेतले भावंड. तेथे 1979 च्या प्रवेशास लेखी परीक्षेला 100 गुण होते आणि मुलाखतीला 50. त्या पन्नासांत 10 गुण नुसत्या 'व्यक्तिमत्त्वा'चे! मुलांची तक्रार अशी की, भेट दोन-तीन मिनिटांत उरकली, आणि विचारले काय, तर बाप कोण व राहता कोठे! लेखी परीक्षेत मागे असलेले कित्येक जण मुलाखतीच्या जोरावर पुढे गेले. हा अजय हसिया खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 1980 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सांगितले की, एकूण गुणांचा तिसरा हिस्सा मुलाखतीस देणे मनमानी आहे. अशा प्रवेशांत मुलाखतीचे गुण 15 टक्क्यांवर नसावेत. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, असेही सुचवले. झालेले प्रवेश मात्र मोडले नाहीत, कारण तोवर दीड वर्ष लोटले होते. यातून धडा घ्या: तक्रार करायची तर ती वेळेवर करा.

सातासमुद्रापार तरी वेगळे काय? 1922 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू मुले पाचांत एकाहून अधिक झाली. ती परीक्षेत हरत नव्हती. तेव्हा परीक्षेच्या जोडीला 'शील' आणि 'व्यक्तिमत्त्व' आले. छायाचित्र, शिफारस, मुलाखत यांचे वजन वाढले. ज्याला गुणांनी अडवता येत नाही त्याला रीतीभातींनी अडवावे, ही युक्ती आपणांस नवी नाही.

परंतु न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच हार्वर्डवर पुढे आशियाई वंशाच्या मुलांच्या बाजूने खटला झाला. 2018 साली त्यात वादी पक्षाने आकडे मांडले. समोरासमोर भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी या मुलांच्या व्यक्तिमत्त्वास गोऱ्या मुलांच्या जवळपास बरोबरीने गुण दिले होते; ज्या कचेरीने बहुतेकांस पाहिलेही नव्हते तिने कमी दिले होते. जाणूनबुजून भेदभाव झाला हे खालच्या न्यायालयाने मानले नाही, ते असो. पण माणूस माणसाला भेटला की कधी कधी आकस वितळतो, हेही त्यातून दिसते. शिवाय लेखी गुण तरी सर्वस्वी न्यायाचे कोठे आहेत? महागडी शिकवणी लावणारा आणि रात्रीच्या विजेवर ओलित करून सकाळी पेपरास बसणारा, यांचे गुण एकाच तराजूत तोलले जातात. रात्र कशी गेली हे मुलाखतीत तरी सांगता येते. म्हणून आम्ही मुलाखत जाळा असे म्हणत नाही. रुमाल काढा, असे म्हणतो.

तो काढायचा कसा? अर्ज भरण्याआधी कॉलेजास लेखी विचारा: मुलाखतीस किती गुण, कोणत्या बाबींस किती, मंडळावर कोण? सरकारी संस्था असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली गुणांची वाटणी विचारता येते, आपल्या मुलाचे गुणही मागता येतात. गप्प बसणाऱ्याचा माल पडत्या भावानेच जातो.

दुसरे, मुलांना घरच्या धंद्याची लाज शिकवू नका. संत्र्याचा बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण का द्यायचा आणि तो केव्हा तोडायचा, हे ज्याला नीट सांगता येते, त्याला सामान्य ज्ञान नाही असे कोण म्हणेल? मागावर कोणत्या जातीचे सूत का तुटते हे जाणणारी पोर मुलाखतीत मुकी का व्हावी? तिला फक्त बोलण्याचा सराव हवा.

आणि तो सराव देणे हे आपल्यातल्या शिकलेल्यांचे काम आहे. बाबांनो, आईने गळ्यातले डोरले मोडून तुमची फी भरली. तुम्हीही कोणत्या तरी कॉलेजाचे माजी विद्यार्थीच आहात ना? मग महिन्यातला एक रविवार गावी या. चावडीवर किंवा शाळेत चार मुले समोर बसवा, प्रश्न विचारा, चुकले तर न हसता पुन्हा विचारा. याला वर्गणी लागत नाही, इमारत लागत नाही. आणि उद्या एखाद्या मंडळावर परीक्षक म्हणून तुम्हांस बोलावणे आले, तर तेथे बसून 'बाप कोण' हे विचारू नका. 'तू काय केलेस' हे विचारा.

पालकांनो, गावातल्या अशा प्रत्येक पदवीधराचे नाव आज घरी जाताना आठवा, आणि येत्या रविवारी त्याला बोलावणे धाडा.