एकच सीडी, किती घरं?



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पहिला कॉम्प्युटर मीच बसवून दिला. धामणगावात तेव्हा माझी विंडोजची एकच सीडी घरोघर फिरायची, लग्नातल्या सतरंजीसारखी. परवाना एका मशीनपुरता असतो, हे वाचलंच कोणी?

कायदा मी फार उशिरा वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली भर पडली, की रीतसर मिळवलेल्या प्रोग्रामची प्रत स्वतःच्या, बिगरधंद्याच्या वापरासाठी काढली तर तो भंग नाही. म्हणजे विकतची सीडी खराब होईल म्हणून दुसरी करून ठेवणारे आपले सर बरोबरच होते. माझी सीडी मात्र मुळातच नकली.

नकली प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३ ब प्रमाणे किमान ७ दिवस कैद आणि दंड. वापर कमाईसाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंडावर सोडू शकतं. ही सवलत तुम्हाला. मी तर दर घरी शंभर रुपये घेतले होते!

आता कोणी जुना कॉम्प्युटर आणला, की लिनक्स टाकून देतो. ते वाटायची मुभा परवान्यातच आहे. शंभर रुपये अजूनही घेतो, मेहनतीचे.