मनाचे दुखणे आणि गावचा दवाखाना



यावल किंवा साक्री तालुक्यातील एखादी बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा ‘माझे मन आजारी आहे’ असे ती म्हणत नाही. डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, एवढेच ती सांगते. गोळ्या मिळतात, पण दुखणे जात नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील सरकारी मनोरुग्णालये आपल्या खानदेशापासून लांब आहेत, आणि अशा दुखण्यासाठी तेथवर जाण्याची बहुधा गरजही नसते. हे उपचार जवळच्या केंद्रातच व्हावेत, असे १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ठरविले. पुढे कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात केंद्रांवरील डॉक्टरांना तसे शिक्षण देऊन पाहिले गेले.

गोव्यात तर मानसोपचाराचे पूर्वज्ञान नसलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशनास बसविले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांतील असे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. एरवीच्या पद्धतीत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते.

मात्र हे यश नुसत्या शिबिराचे नव्हे. पाठीशी औषध देणारा डॉक्टर होता आणि अधूनमधून येणारा मानसोपचारतज्ज्ञही होता. शिकविले आणि सोडून दिले, तर शिकलेले विसरले जाते.

म्हणून आपल्या केंद्रात रस्ता आणि इमारत यांची चौकशी आपण करतो, तशी हीही करावी. येथील डॉक्टर या कामी शिकलेले आहेत काय? औषध शिल्लक आहे काय? आणि त्या बाईला झोपेपलीकडचे कोणी काही विचारते काय?