बसायची जागा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला अमेरिकेच्या प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं आहे. नायगारा तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला आहे, म्हणून तो वगळतो. मुलीकडे फिलाडेल्फियाला असताना तिथल्या एका चर्चचा इतिहास कळला. तोच आज सांगतो.

त्या चर्चचं नाव सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च. इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेतली मंडळी स्वातंत्र्यानंतर वेगळी झाली, त्यांच्या पंथाला एपिस्कोपल म्हणतात. या पंथातलं कृष्णवर्णीयांचं हे पहिलं चर्च. ते उभं करणारे अ‍ॅबसलोम जोन्स १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. हाती पडणारे चार पैसे साठवून त्यांनी पुस्तक घेतलं आणि वाचायला शिकले. पुढे मालकाने आई-भावंडं विकली आणि यांना फिलाडेल्फियाला आणलं. दिवसा मालकाच्या दुकानात काम, रात्री शाळा. लग्नानंतर पैसे जमवून त्यांनी आधी बायकोला सोडवलं, कारण मूल आईच्या दर्जाने गुलाम ठरायचं. स्वतः मोकळे झाले ते १७८४ साली.

तेव्हा ते सेंट जॉर्ज नावाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जात. कृष्णवर्णीयांची संख्या वाढली तशी त्यांना भिंतीकडेला आणि मग वरच्या गॅलरीत बसायला सांगण्यात आलं. ती गॅलरी बांधायला त्यांनीही पैसे दिले होते. एका रविवारी प्रार्थना चालू असताना जोन्स गुडघे टेकून बसले होते. चर्चच्या एका विश्वस्ताने त्यांना धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच ते म्हणाले. तो थांबला नाही. प्रार्थना संपली आणि सगळे कृष्णवर्णीय उठून एकदम बाहेर पडले.

त्यांनी स्वतःचं चर्च बांधायला घेतलं. त्याच सुमारास, १७९३ साली, शहरात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसं गेली. ज्याला जमेल तो शहर सोडून पळत होता. जोन्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड अ‍ॅलन यांनी आपली माणसं शुश्रूषेला आणि प्रेतं उचलायला लावली. साथ ओसरल्यावर त्यांच्यावरच पैसे उकळल्याचा आरोप झाला. दोघांनी १७९४ साली पुस्तिका छापून जमाखर्चासकट उत्तर दिलं.

त्याच वर्षी १७ जुलैला चर्च सुरू झालं. एपिस्कोपल पंथात येताना त्यांनी अट घातली की आमचा कारभार आम्हीच पाहू. पंथाने ती मान्य केली, पण धर्मप्रांताच्या सभेत या चर्चला प्रतिनिधी पाठवता येणार नाही, असं ठरवलं. चर्च आपलं, पण सभेत जागा नाही! ती मिळायला सुमारे सत्तर वर्षं लागली. तोवर तिथली माणसं थांबली नाहीत. पळून आलेल्या गुलामांना पकडण्याच्या कायद्याविरुद्ध जोन्स आणि इतरांनी काँग्रेसकडे अर्ज केला. त्याला थारा देऊ नये, या बाजूने ८५ मतं पडली आणि विरुद्ध फक्त एक. पुढे जोन्स या पंथाचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. १८१८ साली ते वारले. चर्चने नंतर जागा बदलली, पण आजही ते त्याच शहरात चालू आहे.

आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हे आपण शाळेत पाठ केलं होतं. परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. पण त्याच वर्गात आपले तीन वर्गमित्र दाराशी, शेवटी बसायचे. माठाला हात न लावता ओंजळ धरायचे, वरून कुणीतरी पाणी ओतायचं. बऱ्याचदा ओतणारा मी असायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी मी बोललो असतो, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

त्या तिघांतला एकजण आज समोर बसला आहे. हे बोलण्याआधी त्याला फोन केला. तो म्हणाला, “खुशाल सांग. पण मला बिचारा करू नकोस.” त्याच्याबद्दल तसं बोलणं शक्यही नाही. आपल्यातला पहिला पदवीधर तोच.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “ते राहू दे. माझ्या आईने या इमारतीला दगड वाहिलेत, ते कुठे लिहिलंय का बघ.” काल मी व्हरांड्यातला फलक वाचला. देणगीदारांची नावं आहेत, श्रमदान करणाऱ्यांचं एकही नाही. त्याच्या वस्तीतल्या बायका-माणसांनी महिनाभर दगड वाहिले होते, हे इथे बसलेल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

आपण आज शाळेला वॉटर कूलर देणार आहोत. तो जरूर द्यावा. त्यासोबत दुसरा फलकही लावावा. नावं तो सांगेल, आपण लिहून घेऊ. फलकाचा खर्च मी देतो.